समूहगानासाठी गाणी निवडायची आहेत: १४ मुलं, एक पेटी, दोन महिने

पाटीपेन्सिल | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. गाणं आवडतं, पण शिकलेले नाही. आमचे संगीताचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही, त्यामुळे यंदा समूहगान माझ्याकडे आलं आहे.

स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर. दोन गाणी म्हणायची आहेत. पहिलं देशभक्तीचं किंवा संस्काराचं, दुसरं लोकगीत किंवा भक्तिगीत. प्रत्येकी ४ मिनिटं. वाद्यं तीनच, ट्रॅक लावायचा नाही. गीताच्या निवडीला वेगळे गुण आहेत.

मुलं १४, सहावी ते आठवीची. ११ मुली, ३ मुलगे. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, तिघींच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी दखनी. तबल्याला नववीतला एक मुलगा आहे, त्याचे आजोबा भजनी मंडळात आहेत. पेटी मी जमेल तशी वाजवते.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, सिनेमातलं जोशाचं गाणं घ्या, हॉल दणाणला पाहिजे. तसं एक गाणं मुलांकडून म्हणवून घेतलं. अंतरा आला आणि अर्ध्या मुली गप्प झाल्या, उरलेल्या ओरडायला लागल्या. सहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हे गाणं माझ्या गळ्यात बसंना." चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

गळ्यात बसणारं गाणं शोधायचं कसं? ज्यांनी मुलं बसवली आहेत, ज्यांनी स्वतः शाळेत समूहगान केलं आहे, सगळ्यांनी सांगा.

---

शेंगाचटणी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५८

त्या पोरीलाच गटप्रमुख करा ताई. रोग तिने ओळखलाय.

---

बार्शीलाईट | ५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी मुख्याध्यापकांच्या बाजूचा आहे, स्पष्टच सांगतो. परीक्षक सकाळपासून एकामागून एक संघ ऐकत बसलेले असतात. दुपारी तुमचा नंबर आला आणि तुम्ही संथ काहीतरी सुरू केलंत तर त्यांच्या कानापर्यंत पोचणार नाही. माझ्या मुलीच्या शाळेने दोन वर्षांपूर्वी सिनेमातलं गाणं घेतलं, हातवारे बसवले, पहिला नंबर आला. मुलांना बक्षीस मिळालं की पुढच्या वर्षी दुप्पट मुलं नाव देतात. त्याचाही विचार करा.

---

काळीचार | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, गाणं निवडायच्या आधी गळे मोजा. मी २२ वर्षं शाळेत संगीत शिकवलं. पहिली काही वर्षं मीसुद्धा आधी गाणं आवडून घ्यायची, मग पट्टी शोधायची आणि शेवटी मुलांवर चिडायची. चूक निवडीतच असायची.

एक पूर्ण तास काढा. एकेका मुलाला वेगळं बोलवा. पेटीवर मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, एकेक स्वर देत वर जा, 'आ'कारात म्हणायला सांगा. मग तसंच खाली या. वर कुठे मान ताणली जाते आणि खाली कुठे आवाजाची नुसती हवा होते, ते नावापुढे लिहा. जो सगळ्यात आधी वर अडकतो आणि जो सगळ्यात आधी खाली अडकतो, त्या दोघांच्या मधल्या जागेत तुमचं गाणं आहे.

साधारण सहावी-सातवीच्या मुलांना मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे नऊ स्वर, आरामात मिळतात. मोठ्या गायकाने गायलेलं गाणं मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) गेलं तर तेरा स्वर झाले. नऊ स्वरांच्या पिशवीत तेरा मावत नाहीत. खालच्या सप्तकातल्या काळी चारला सा धरला तर मंद्र पंचम मुलं गिळतात. मधल्या पांढरी चारला धरला तर वरचा गंधार किंचाळून निघतो. तुमच्या मुली गप्प झाल्या आणि बाकीच्या ओरडल्या, ते यामुळेच. त्यांनी काही चुकीचं केलं नाही.

@बार्शीलाईट, बक्षिसाबद्दल राग नाही. पण परीक्षक म्हणून मी बसले आहे, त्या अनुभवावरून सांगते. दमलेल्या कानाला मोठा आवाज नको असतो, एकत्र लागलेला सूर हवा असतो. १४ मुलं एका सुरात आली की मान आपोआप वर होते.

---

भुईकोट | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

लय भारी विषय काढलाव ताई. सोलापूरचं गाणं पाहिजे असेल तर आपल्या रामजोशींना का विसरायचं? पेशवाईतला एवढा मोठा शाहीर आपल्या गावचा.

---

शेंगाचटणी | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:४१

अरे बाबा, शाळेची पोरं आहेत. लावणी म्हणवून घेतोस की काय?

---

भुईकोट | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

पूर्ण ऐक की बे. त्यांच्या उपदेशाच्या लावण्या पण आहेत. 'हटातटाने पटा रंगवुन जटा धरिशी का शिरी' हे रामजोशींचंच आहे. वरवरच्या सोंगाला काय अर्थ, असा विषय. नुसतं मोठ्याने वाचून बघ, जीभ नाचायला लागते. आमच्या मराठीच्या बाईंनी आठवीत हे पाठ करून घेतलं होतं. आम्ही मधल्या सुट्टीत शर्यत लावायचो, कोण न अडखळता म्हणतो.

---

काळीचार | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१५

@भुईकोट, सुचवलंत ते फार चांगलं, आणि मी हे एकदा बसवलं आहे. अडचण सांगते. ट, ठ, ड यांची गर्दी एका गळ्याला शोभते. १४ जणांत एकाचा 'ट' केसभर मागे राहिला की सगळी ओळ पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी ऐकू येते. आम्हाला पाच महिने लागले. ताईंकडे दोन आहेत.

पण सरावाआधी तोंड मोकळं करायला रोज दोन ओळी म्हणून घ्या. आधी हळू, मग दुप्पट लयीत. उच्चारांना त्यासारखं औषध नाही.

---

सीनाकाठ | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

मी निवृत्त शिक्षक. माझं मत पहिल्या गाण्याबद्दल आहे.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉची ती अखेर. तुमची स्पर्धा नेमकी त्याच आठवड्यात आहे. पार्क चौकातल्या चार पुतळ्यांसमोरून मुलं रोज जातात आणि किती जणांना ती चार नावं सांगता येतात?

कवी कुंजविहारी सोलापूरचे. त्यांचं 'भेटेन नऊ महिन्यांनी' हे फाशी जाणाऱ्या मुलाने आईशी केलेलं बोलणं आहे. पुन्हा तुझ्याच पोटी येईन, नऊ महिन्यांनी भेटू, असं तो आईला सांगतो. माझे वडील हे म्हणायचे आणि शेवटी त्यांचा आवाज जायचा. सोलापूरच्या शाळेने सोलापूरच्या स्पर्धेत हे म्हणू नये तर कोणी म्हणावं?

---

चिमणीपाखरं | ६ नोव्हेंबर, रात्री ८:३३

सीनाकाठ सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते. माझी मुलगी सहावीत आहे. फाशी जाणारा मुलगा आईची समजूत काढतो, हे तिने काय समजून म्हणायचं? समजलं तर ती रात्री झोपणार नाही, आणि न समजता म्हटलं तर तो त्या कवितेचा अपमान.

---

सीनाकाठ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं, असा माझा ३१ वर्षांचा अनुभव आहे. मी नववीला ही कविता शिकवली तेव्हा वर्गात कोणी चुळबुळ केली नाही. सहावीला शिकवली नव्हती, हेही मान्य करतो.

---

काळीचार | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मी वयाचा प्रश्न बाजूला ठेवून वेगळी गोष्ट मांडते. समूहगानाचं गाणं निवडताना मी बघते, गाण्यात बोलतंय कोण? एक माणूस की अनेक? 'भेटेन नऊ महिन्यांनी' मध्ये एक मुलगा एका आईशी बोलतो, तेही शेवटचं. ते १४ जणांनी एकदम म्हटलं की त्यातला एकांत जातो. ती कविता एकट्याने, जवळजवळ वाद्याशिवाय म्हणावी.

---

हलगीकर | ६ नोव्हेंबर, रात्री ११:०२

मग अभंगाचं काय? तिथं पण 'मी' आणि 'माझं'च असतं. आणि म्हणते सगळी दिंडी.

---

काळीचार | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

@हलगीकर, बरोबर पकडलंत. रात्रभर डोक्यात होतं. अभंगातला 'मी' एकाचा असला तरी तो जन्मापासून टाळकऱ्यांच्या तोंडी आहे. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हे त्याच्या चालीतच आहे. माझा नियम थोडा बदलते: गाणं अनेकांच्या तोंडी वाढलं आहे का, ते बघा.

---

पूर्वभागकर | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी पूर्व भागातच वाढले, आता पुण्यात असते. पाटीपेन्सिल ताई, तुमच्या निम्म्या मुली दर नवरात्रात जे गातात ते तुम्ही ऐकलंय का? बतुकम्मा. मधोमध फुलांची उतरंड, भोवती बायका गोल फिरत टाळ्या वाजवतात. एकजण ओळ सांगते, बाकीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो' म्हणतात. चार-पाच स्वरांत सगळं गाणं. माझी आई चादरीच्या कारखान्यातून आली की पाय धुवून थेट त्या गोलात उभी राहायची. तुम्ही समूहगान म्हणता ते आम्ही असं शिकलो, पेटी न बघता.

शाळेत मात्र आम्हाला कायम सांगितलं गेलं की तुमचं मराठी सुधारा, मग गाण्यात घेऊ. लोकगीत म्हटलं आहे ना नियमात? कुठल्या भाषेतलं ते लिहिलंय का?

---

पाटीपेन्सिल | ७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पूर्वभागकर, तुमचं वाचून मी आज मधल्या सुट्टीत मुलींना विचारलं. एकदम सात जणी उठल्या आणि टाळ्या वाजवत सुरूच झाल्या. ज्या मुलीला मी दोन महिने "मोठ्याने म्हण" सांगते आहे, तिने ओळ टाकली. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझ्या वर्गात हा आवाज होता आणि मला माहीत नव्हता.

नियमात भाषा लिहिलेली नाही. आयोजकांना फोन केला, चालेल म्हणाले.

---

बार्शीलाईट | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

चालेल म्हणणं वेगळं आणि गुण देणं वेगळं. परीक्षकाला शब्द कळले नाहीत तर शब्दोच्चाराचे गुण कसे देणार?

---

पूर्वभागकर | ७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सोलापुरात परीक्षक आहेत आणि कानावरून कधी तेलुगू गेलं नाही, असं होईल का?

---

भुईकोट | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१२

माझी आजी कन्नड, आजोबा मराठी, शेजारी तेलुगू, आणि क्रिकेटची शिवी दखनीत. ह्या गावात एका भाषेत कोण जगलंय?

---

नववी_ब | ८ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

धागा वाचून बरंच जुनं वर आलं. मी पाचवीपासून शाळेच्या समूहगानात होतो, पहिल्या रांगेत उजवीकडून दुसरा. आठवीच्या दिवाळीनंतर आवाज फुटला. सरावात माझा सूर मध्येच खाली पडायचा, मुली हसायच्या. स्पर्धेला दहा दिवस असताना सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू उद्यापासून येऊ नकोस, सगळा सूर बिघडतो." मी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. त्यानंतर मी गायलोच नाही, आज ४१ वर्षांचा आहे. घरात बाळाला झोपवतानाही मोबाईलवर गाणं लावायचो.

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या तीन मुलग्यांत कोणी आठवीतला आहे का? असेल तर त्याच्याशी आधी बोला.

---

पाटीपेन्सिल | ८ नोव्हेंबर, रात्री ८:००

आहे. कालपासून गळे मोजते आहे. त्याची पाळी आली तेव्हा त्याने तोंडच उघडलं नाही, म्हणाला, "मॅडम, मी नुसता उभा राहीन." मला वाटलं लाजतोय. तुमचं वाचेपर्यंत मला कळलंच नव्हतं.

---

काळीचार | ८ नोव्हेंबर, रात्री ८:४०

त्याला उभा राहू देऊ नका, गाऊ द्या. आवाज फुटताना वरचे स्वर हातातून सुटतात, पण खाली एक-दोन नवे स्वर स्थिर होत असतात. पेटीवर खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला सा द्या, तो नाही लागला तर त्याच्या आजूबाजूला शोधा. जो एक स्वर न थरथरता येतो, तो त्याचा. मग शेवटच्या कडव्यात सगळे गात असताना त्याने तेवढाच स्वर लांब धरायचा. तानपुऱ्यासारखा. ऐकणाऱ्याला वाटेल गाण्याखाली जमीन आली.

सा नाही जमला आणि पंचम जमला तरी चालेल. मध्यम जमत असेल तर आधी चालीशी लावून बघा, खटकू शकतो.

@नववी_ब, तुमच्या सरांच्या वतीने मला माफी मागता येत नाही, पण एक संगीत शिक्षिका म्हणून वाईट वाटलं. बाळाला मोबाईल नको, तुमचा आवाज ऐकवा. ते सूर मोजत नाही.

---

शेंगाचटणी | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

दुसऱ्या गाण्यासाठी भक्तिगीताचं कोणी बोललंच नाही. अरण आपल्या जिल्ह्यात, माढा तालुक्यात. सावता माळी आपले. 'कांदा मुळा भाजी' घ्या की! मंगळवारच्या बाजारातली पिशवीच आहे ती, मुलांना समजावून सांगायची गरज नाही.

---

सीनाकाठ | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

शेंगाचटणी, मनातलं बोललात. फक्त एक दुरुस्ती, समजवावं लागेल. 'मोट नाडा विहीर दोरी' ही ओळ आहे. आजच्या मुलाने मोट कुठे बघितली? बैल मागे सरकत मोट विहिरीत सोडतात, पुढे चालत वर खेचतात, पाणी पाटात पडतं, हे फळ्यावर काढून दाखवा. मग 'अवघी व्यापिली पंढरी' म्हणताना मुलांना कळेल की पंढरपूर एवढ्या जवळ असूनही हा माणूस मळ्यातच पंढरी कशी बघतो.

आणि पहिल्या गाण्याबद्दल मी हट्ट सोडतो. साने गुरुजींचं 'खरा तो एकची धर्म' बघा. प्रार्थना म्हणून सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कोणी स्पर्धेला घेत नाही. पण विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं ते पंढरपुरात, आपल्याच जिल्ह्यात. जो माणूस त्या दारात उपाशी बसला त्याने 'जगाला प्रेम अर्पावे' म्हटलं आहे, हे मुलांना सांगून मग म्हणवून घ्या.

---

बार्शीलाईट | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

प्रार्थना? स्पर्धेत? परिपाठाला रोज म्हणतात तीच?

---

चिमणीपाखरं | ९ नोव्हेंबर, दुपारी १:००

मलाही आधी तसंच वाटलं. मग मुलीला विचारलं, "त्यातल्या 'दीन पददलित' चा अर्थ काय?" तिला सांगता आला नाही. पाच वर्षं रोज म्हणते. सीनाकाठ सरांशी परवा भांडले, आज त्यांच्या बाजूने आहे.

---

काळीचार | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

पाठ असलेलं गाणं बसवणं नव्यापेक्षा अवघड असतं, तयारी ठेवा. परिपाठाची रेघ घशात बसलेली असते: ओळीच्या शेवटी आवाज टाकून द्यायचा, श्वास सगळ्यांनी एकाच जागी घ्यायचा. तीन दिवस चाल बंद. नुसते शब्द वाचा, बोलल्यासारखे. चौथ्या दिवशी पेटीशिवाय, अगदी हळू. श्वास एकाच वेळी घ्यायचा नाही, शेजारच्याने घेतला की आपण थांबायचं, त्याचा झाला की आपला. आम्ही याला चोरटा श्वास म्हणतो. ओळ कुठेही तुटत नाही आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही का.

---

भुईकोट | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१८

राज्यगीत का नको? 'जय जय महाराष्ट्र माझा' सगळ्यांना येतं.

---

काळीचार | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

१९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झालं, त्यामुळे सुरू झालं की सभागृहाने उभं राहायचं असतं. एका स्पर्धेत चार संघांनी तेच घेतलं होतं, आम्ही परीक्षक चार वेळा कागद-पेन सावरत उभे राहिलो. गाणं मोठंच आहे, पण त्याची जागा आता समारंभात. शिवाय ते शाहिरी गळ्यासाठी आहे, वरच्या सुरांचा तो झोत ११-१२ वर्षांच्या मुलींना पेलत नाही.

---

कोर्टरोड | १० नोव्हेंबर, सकाळी १०:००

छोटी भर. मुलांचं गाणं नंतर यूट्यूबवर टाकणार असाल तर निवडतानाच बघा. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द मोकळे. सावता माळींचा प्रश्नच नाही. पण चालीचा हक्क वेगळा असतो. एखाद्या संगीतकाराची प्रसिद्ध चाल घेतलीत तर व्हिडिओवर दावा येऊ शकतो. भजनी मंडळाची परंपरेची चाल घ्या, निर्धास्त राहा.

---

पाटीपेन्सिल | २१ नोव्हेंबर, रात्री १०:३०

दोन आठवडे उत्तर दिलं नाही, माफ करा. काम चालू होतं. सगळं लिहिते.

गळे मोजून झाले. एक मुलगी पांढरी एकच्या खाली जात नाही, आणि 'बसंना' म्हणणारी सहावीतली मुलगी वरच्या पांढरी एकला अडकते. मधले सात स्वर सगळ्यांचे. म्हणजे ते सिनेमाचं गाणं आमचं कधीच नव्हतं.

मग तीन गाणी मुलांसमोर ठेवली, प्रत्येकाला तीन-चार दिवस. मुख्याध्यापकांनाही रोज बोलावलं.

'कांदा मुळा भाजी' ची चाल तबल्यावाल्या मुलाच्या आजोबांनी दिली. ते शाळेत आले, बाकावर बसले आणि टाळ घेऊन म्हणून दाखवलं. सगळी चाल एका सप्तकात, फक्त 'विठ्ठल पायी' ला एकदा वरच्या रिषभाला (रे) हात लावून येते. सा पांढरी एकला धरला. तो एक रिषभ अडकणाऱ्या मुलीने मनात म्हणायचा आणि पुढच्या शब्दाला सामील व्हायचं, असं ठरलं. ती म्हणाली, "आता बसलं."

उच्चारांत एक गंमत झाली. मला भीती होती ती 'ळ' ची. पण तेलुगू आणि कन्नड घरांतल्या मुलींचा 'मुळा' आणि 'मळा' इतका स्वच्छ येतो, कारण 'ळ' त्यांच्या घरच्या भाषेतही आहे. अडखळायला होतं ते दखनी बोलणाऱ्या दोघांना, ते 'मुला' म्हणत होते. तर तेलुगू मुलींनीच त्यांना जीभ कुठे वळवायची ते दाखवलं. उलट 'भाजी' चं 'बाजी' आणि 'माझी' चं 'माजी' होत होतं, तिथे दखनी मुलांनी त्यांना शिकवलं. तोंडासमोर तळहात धरायचा आणि 'भ' म्हणताना हवा लागली पाहिजे, ही युक्ती त्यातल्याच एकाने काढली.

'खरा तो एकची धर्म' ला मुख्याध्यापक आधी नाही म्हणाले. मग मी पंढरपूरच्या उपोषणाची गोष्ट मुलांना सांगत होते तेव्हा ते मागे उभे होते. चौथ्या दिवशी पेटीशिवाय म्हटलं तेव्हा पुन्हा आले आणि बसून ऐकलं. जाताना म्हणाले, "हेच घ्या."

बतुकम्मा स्पर्धेला घेत नाही आहे. पूर्वभागकर, तुम्हाला वाईट वाटेल. मला सात मुलींसाठी उरलेल्या सात जणांना अनोळखी भाषेत दोन महिन्यांत उभं करायचं नव्हतं. आणि मंचावर परीक्षकांकडे तोंड करून अर्धगोल करायचा, तर तो गोलच तुटतो. पण फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनात मैदानावर पूर्ण गोल होणार आहे. चार आया शिकवायला येतो म्हणाल्या आहेत. मीही त्यात उभी राहणार आहे.

---

पूर्वभागकर | २१ नोव्हेंबर, रात्री ११:००

वाईट वाटलं, खोटं नाही बोलणार. पण गोल तुटू नये म्हणालात, ते पटलं. तारीख कळवा, मी पुण्याहून येते.

---

नववी_ब | २१ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आणि तो आठवीतला?

---

पाटीपेन्सिल | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

तीन दिवस तो शाळा सुटल्यावर एकटा थांबला. खर्जाचा सा लागला नाही, खर्जाचा पंचम लागला. 'सावता म्हणे' पासून शेवटपर्यंत तो पंचम धरतो. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर केलं तेव्हा मुली गाता गाता मागे वळून बघायला लागल्या, आवाज कुठून येतोय म्हणून. आता मागच्या रांगेत मधोमध उभा राहतो.

तुमची गोष्ट त्याला सांगितली, नाव न घेता. त्याने विचारलं, "ते काका आता गातात का?"

---

नववी_ब | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

त्याला सांगा, काल रात्री गायलो. बाळ झोपलं.

---

बार्शीलाईट | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, जोशाचं गाणं वाईट नसतं. पण ह्या मुलांसाठी ही निवड बरोबर आहे. स्पर्धेला ऐकायला येईन. वाद्यं कोणती ठरली?

---

पाटीपेन्सिल | २२ नोव्हेंबर, दुपारी २:१०

पेटी, तबला, आणि तिसरं ठरत नाहीये. मुलांना हलगी पाहिजे. @हलगीकर, अभंगाला चालेल का?

---

हलगीकर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:००

मी लहानपणापासून हलगी वाजवतो, तरी नाही म्हणेन. बंद हॉलमध्ये हलगी शेकून ताणली की पहिल्या टिपरीला तुमच्या १४ मुलांचा आवाज खाली जाईल. तो पंचम तर कोणालाच ऐकू येणार नाही. ती मैदानावरची. स्नेहसंमेलनाला बोलवा, पाहिजे तेवढी वाजवतो. अभंगाला टाळ घ्या. तोही मुलांपैकीच कोणीतरी वाजवा, म्हणजे वाद्य आणि गळा एकाच श्वासात राहतात.

---

पाटीपेन्सिल | २२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दोन मुली टाळ शिकायला तयार आहेत. दोन जोड घेतले तर एक वाद्य धरतील की दोन?

---

काळीचार | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३५

आयोजकांकडून लेखी घ्या. फोनवरचं ऐन वेळी कोणाला आठवत नाही.

---

हलगीकर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर येतो. माझ्या मामांचे टाळ आहेत, दोन जोड, एक हलका एक जड. दोन्ही वाजवून बघा, चालीला कुठला बसतो ते मुलींनाच ठरवू द्या.